निःशब्द मंडळाचे रिकामे फुगे

कुठलाही कागद हाती आला की आत्या आधी तो खिडकीकडे तिरका धरायच्या, मग वाचायच्या. विजेचं बिलसुद्धा.

बोलण्याआधी वाक्य मनात मोजायच्या. लांब होतंय असं वाटलं की दोन शब्द गाळायच्या. त्यामुळे फोनवर तुसड्या वाटायच्या.

खोडरबराचा चुरा कधी फुंकायच्या नाहीत. दाढीच्या जुन्या ब्रशने झाडायच्या. फुंकलं की थुंकी उडते आणि शाई पसरते, म्हणायच्या. शाईचं पेन हातात धरून कितीतरी वर्षं झाली होती.

दाराची बेल वाजली की लगेच उठायच्या नाहीत. दुसऱ्यांदा वाजण्याची वाट बघायच्या.

भावाचा विषय निघाला तर "तो" म्हणायच्या, नाहीतर "धाकटा". नाव कधीच घ्यायच्या नाहीत.

त्या सख्ख्या आत्या कुणाच्याच नव्हत्या. अख्खी इमारत त्यांना आत्या म्हणायची. त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, मी दुसऱ्या. आमची ओळख जिन्यात झाली. रद्दीवाल्याकडून मी जुनी कॉमिक्स उचलून आणत होते.

"काय गं पदवीधर? एवढं साहित्य शिकलीस आणि हे वाचतेस?"

"तुम्हाला काय माहीत यातलं?"

"यातला आरडाओरडा सगळा माझा आहे," त्या म्हणाल्या. "चल वर, चहा टाकते."

त्यांनी उमेदीची सगळी वर्षं कॉमिक्सच्या छापखान्यात काढली होती. गोष्ट एक जण रचायचा, चित्रं दुसरा काढायचा. पात्रांच्या तोंडून निघणारे फुगे आणि त्यांतली अक्षरं आत्यांची. 'धडाम'ही त्यांचं आणि 'वाचवा'ही त्यांचंच.

छापखान्याचा नायक लोहपंख. पलीकडच्या रस्त्यावर दुसरा छापखाना होता, त्यांचा नायक रात्रपाळ्या. दोन्हीकडचा खप घसरला, तेव्हा मालकांनी चहा पिता पिता ठरवलं : दोघांना एकमेकांच्या अंकांत पाठवायचं. आणि शत्रू एकच ठेवायचा. मुखवटे घातलेली, कधीही न बोलणारी माणसं. निःशब्द मंडळ.

तिथून गुंता सुरू झाला. लोहपंख इकडे समुद्राच्या तळाशी बेशुद्ध पडलेला, त्याच महिन्यात तिकडे कोर्टात साक्ष देतोय. मंडळाचा एक सभासद इकडच्या अंकात दरीत पडून मेला. तिकडे कळवायचं राहिलं. तिकडे तो पुढच्या महिन्यात तलवार घेऊन हजर.

"वाचकांनी आमची सालटी काढली," आत्या हसून सांगायच्या. "गोष्टीवाले डोकं धरून बसले. मी म्हटलं, अहो, त्यात काय एवढं? इकडे मेला म्हणजे तिकडे मेलाच असं थोडंच असतं?"

पुढे तोच मंडळाचा नियम झाला. सभासद मरत नाहीत. मग त्यांना हरवायचं कसं? तेही आत्यांनीच सुचवलं. बाहेरच्या कुणीतरी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची. मुखवटा गळून पडतो. माणूस सुटतो.

मला वाटलं, काय सुंदर कल्पना आहे. मी तसं म्हटलंही.

आत्या हसल्या नाहीत. "कल्पना कसली? आमच्या घरातलं आहे ते."

धाकटा कॉलेजात असताना घरातून निघून गेला. वडिलांशी भांडण झालं होतं. त्या संध्याकाळी वडिलांनी त्याचे फोटो आणि शाळेचे दाखले फाडले. म्हणाले, या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही. आईने घेतलं नाही. आत्यांनीही नाही. पुढे कुठल्याशा गावाहून निरोप आला, नदीत एक जण सापडलाय, ओळखायला या. वडील गेले नाहीत, कुणाला जाऊही दिलं नाही. मग घर बदललं.

"म्हणजे नदीतला तो होता की नव्हता?"

"कुणी बघितलंच नाही ना," आत्या म्हणाल्या.

निःशब्द मंडळाच्या तोंडून फुगे निघायचे, पण रिकामे. बघणाऱ्याला कळावं की हे काहीतरी बोलताहेत आणि आपल्याला ऐकू येत नाही. पण रिकामा फुगाही बेताचा हवा. म्हणून आत्या आधी आत पेन्सिलीने वाक्य लिहायच्या, त्याभोवती फुगा काढायच्या, मग वाक्य खोडायच्या. काय लिहायचं, हे त्यांनी मालकांना विचारलं होतं. मालक म्हणाले, "काहीही लिहा. खोडायचंच तर आहे."

त्यांनी धाकट्याला लिहिलं. आई आजारी आहे. आम्ही घर बदललंय. जिना डावीकडे आहे. आई गेली. तुझी सायकल अजून आहे. वाक्य खोडलं तरी कागदावर पेन्सिलीचा दाब राहतो. तो छपाईत उमटत नाही. मूळ पान हातात असलेल्यालाच तो दिसतो, तोही उजेडात तिरका धरला तर. म्हणजे कुणालाच नाही.

मग दोन्ही छापखान्यांनी मिळून एक जाडजूड अंक काढायचा घाट घातला. मंडळाचा शेवट. पानं इकडून तिकडे जायची आणि परत यायची. एकदा परत आलेल्या पानावर आत्यांना एका रिकाम्या फुग्यात दाब दिसला. त्यांचा नव्हता. एकच शब्द होता. तायडे.

तायडे म्हणणारा जगात एकच होता.

त्या तशाच उठून पलीकडच्या छापखान्यात गेल्या. तुमच्याकडे अक्षरं कोण लिहितं? तिथला चित्रकार हसला. "बाई, या अंकाची सगळी अक्षरं तुमच्याकडेच आहेत ना? आमच्याकडे कोण लिहिणार?"

तो अंक निघालाच नाही. दोन्ही छापखाने एकापाठोपाठ बंद पडले. पानं न्यायला कुणी आलं नाही. आत्यांनी ती घरी आणली.

हे सगळं त्यांनी मला भाजी निवडता निवडता सांगितलं. मी ऐकून घेतलं. एकट्या राहणाऱ्या माणसाचं आपण ऐकून घेतो, तसं.

मग त्यांनी मला शेवटचं पान दाखवलं. एक लांब खोली. मंडळाचा प्रमुख खुर्चीत बसलेला, मुखवटा थेट आपल्याकडे. त्याच्या तोंडून निघालेला रिकामा फुगा; हा मात्र आत्यांनी आत काही न लिहिताच काढला होता. समोर पाठमोरा लोहपंख. त्याचाही फुगा रिकामा, पण वेगळ्या कारणाने. त्यात प्रमुखाचं खरं नाव यायचं होतं. गोष्टीवाल्यांना ते सुचलंच नव्हतं. "पुढच्या आठवड्यात सांगतो," म्हणाले होते.

मी पान खिडकीपाशी नेलं, तिरकं धरलं. दोन्ही फुगे गुळगुळीत होते. बोटही फिरवून पाहिलं. काही नव्हतं.

काही आठवड्यांनी आत्यांनी मला हाक मारली. आवाज नेहमीसारखाच. "वर ये जरा. डोळे तुझे चांगले आहेत."

तेच पान. प्रमुखाच्या फुग्यात दाब होता. मी वाचलं. तायडे, नाव घे.

"आत्या, हे तुम्हीच लिहिलंय."

"मी?" त्यांनी हात पुढे केला. हात थरथरत होता. चहाची बशीसुद्धा त्या दोन्ही हातांनी धरायच्या. बँकेतली सही जुळत नाही म्हणून आता अंगठा देत होत्या. फुग्यातली अक्षरं सरळ होती, एका रेषेत. 'त'ची गाठ वेगळीच होती. आत्यांच्या छापील अंकांत तसा 'त' कुठेच नाही. मी नंतर ते सगळे अंक काढून बघितले.

"मग लिहून टाका ना त्याचं नाव," मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. "तुमचाच नियम आहे."

"आणि आला म्हणजे?"

"येऊ दे की."

"अगं, येऊ दे काय? पाव्हणा आहे का तो?" त्यांनी पान स्वतःकडे ओढलं. "इतकी वर्षं तिकडे, त्या मंडळात राहिलाय. बोलायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही. मुखवटा पडला आणि खाली धाकटा नसला तर? दुसरंच काहीतरी असलं तर? हाक मारणारी मी. दारही मलाच उघडावं लागेल."

"आणि धाकटाच असला तर?"

त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहिला. वाक्य मोजत असाव्यात.

त्यानंतर त्या झोपेनाशा झाल्या. त्यांच्या समोर राहणाऱ्या काकूंनी मला गाठलं. "काय गं, आत्यांचं काही बिनसलंय का? परवा विचारत होत्या, तुम्हाला माझ्या खोलीतून कुणी खुर्ची ओढल्याचा आवाज येतो का. मी म्हटलं, येतो की, तुमचाच असेल. तर कशा पांढऱ्याफटक पडल्या!"

मी वर गेले. आत्यांनी टेबल खिडकीपाशी ओढून घेतलं होतं. पट्टी, पेन्सिल, ब्रश. सगळं हाताशी.

"ठरलं माझं," त्या म्हणाल्या. "बाबा जाऊनही जमाना झाला. मी अजून कुणाला भिते गं? जे असेल ते असेल. माझंच आहे."

"मी थांबू का?"

"नको. तू बघत राहिलीस तर हात आणखी हलेल. उद्या दुपारी ये. आधी तोंडाने म्हणून बघते. इतक्या वर्षांत जीभ वळलेली नाही."

"मला तरी सांगा नाव."

"आधी त्याला," त्या म्हणाल्या. "मग तुला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बेल वाजवली. थांबले. पुन्हा वाजवली. मग आत्यांनी माझ्याकडे ठेवलेल्या जादा किल्लीने दार उघडलं. आत्या खुर्चीत होत्या. मान खिडकीकडे. डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेल्या असाव्यात, त्रास झालेला दिसत नाही. पेन्सिल बोटांतच होती. ती काढायला काकूंना जोर लावावा लागला. समोर एक खुर्ची ओढून ठेवलेली होती. त्या खोलीत मी नेहमी पलंगावर बसायचे. दुसरी खुर्ची स्वयंपाकघरात असायची.

मी नाव शोधलं. काकूंना विचारलं, घरमालकाला विचारलं. कपाट उपसलं. त्यांच्या जुन्या मोहल्ल्यात जाऊन आले. तिथे आता मोठं गोदाम आहे. एका म्हाताऱ्या शिंप्याला घर आठवलं, वडील आठवले, सायकलसुद्धा आठवली. नाव आठवलं नाही. "त्याला सगळे धाकटाच म्हणायचे," तो म्हणाला.

पान आता माझ्याकडे आहे. प्रमुखाच्या फुग्यावरून मी काल बोट फिरवलं. 'नाव घे'च्या खाली आता आणखी एक शब्द लागतो. थांबलोय.

लोहपंखाच्या फुग्यात आत्यांनी पट्टीने दोन रेषा आखल्या आहेत, अक्षरं त्यांच्यामध्ये बसवण्यासाठी. रेषा थोड्या हलल्या आहेत, पण अंतर बरोबर आहे. मध्ये नाव लिहायचं राहिलंय.