साहेबांचं दोन मिनिटांचं काम

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहायलोय.

मी जिंतूरला घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. विटेला जसा साचा, तशी सर्व्हरला इमेज. ती कशी बनवायची ते कोडच्या फाईलीत लिहिलेलं असतं. बदल फाईलीत केला की पुढचा प्रत्येक सर्व्हर तसाच निघतो.

आमचे साहेब लय हुशार! परवा चालू सर्व्हरमध्ये शिरून त्यांनी बदल हातानंच केला. "दोन मिनिटांचं काम, फाईल कशाला?"

आज जुन्याच साच्यातून नवे सर्व्हर निघाले आन वेबसाईट आडवी झाली. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर साहेब मला म्हणाले, "गावाकडून काम केलं की असंच होणार. लाईट गेली होती का?"

येलदरीचं वीज बनवणारं धरण आमच्या उशाला, आन ह्यांना आमच्या लाईटची काळजी!

मी फाईलीची हिस्ट्री स्क्रीनवर उघडली; कुणी कधी काय बदललं ते त्यात दिसतं. साहेबांचा बदल त्यात कुठंच न्हवता.

मग साहेब म्हणाले, "बरं, आता तू सगळ्या सर्व्हरवर हातानं करून टाक. दोन मिनिटांचं तर काम आहे."

तुमच्याकडंबी असलाच एक साहेब हाय का? मला तर वाटायलंय, ह्यांचाबी कुठंतरी साचा असणार.