तानुबाईच्या माहेरचं रक्त

खुटबावच्या नर्सबाई साखरबाई म्हणजे पायाला भिंगरी. पण सत्त्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात त्यांना बसल्या जागीही चैन नव्हतं. कारण अंजना. तिची दोन लेकरं वर्षाची व्हायच्या आत पांढरीफटक पडून गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते, आणि सासू तानुबाई गावभर सांगत होती, "हिचं रगतच नासकं. औंदाबी तसंच झालं तर हिला माहेरी लावून देती आन् धाकटीला करून घेती."

धाकटी म्हणजे अंजनाचीच बहीण. दोघी तानुबाईच्या भावाच्या मुली. भाची सून करायची, ही त्या घरची रीतच.

साखरबाई पाच वर्षं अंजनालाच झापत आल्या होत्या. भाजी खात नाहीस, लोहाच्या गोळ्या उकिरड्यावर टाकतेस! मग पुण्याचे डॉक्टर गरोदर बायकांचं रक्त तपासायला आले आणि म्हणाले, हिच्या रक्तातला दोष पिढीजात, गोळ्यांनी जाणारा नव्हे. नवऱ्याचंही रक्त पाहिजे. साखरबाईंना स्वतःच्या जिभेची लाज वाटली. नवरा जालिंदर टाळत होता. त्याला त्यांनी भर पारावर गाठलं. "सुईला भितोस व्हय रं?" गडी मुकाट्यानं बाही सारून उभा राहिला.

कागद आला. दोष दोघांतही होता. दर खेपेला चारात एक मूल तसं निघायचं भय, आणि पोटातल्याचं आधी कळायची सोय नव्हती.

"तुमचा लेक आन् तुमची भाची, दोघांत एकच खोट," साखरबाई तानुबाईला म्हणाल्या. "ती तुमच्या माहेरची. धाकटी आणली तरी तेच भ्या हाय."

तानुबाई ओट्यावर मटकन बसली. बौद्धवाड्यातल्या या बाईच्या हातचं पाणी तिनं कधी घेतलं नव्हतं. आता तेच हात धरले. "अंजी हितंच ऱ्हाईल, बाई. पर माझ्या भावाला ह्यातलं अक्षर कळाया नगं. धाकटीला माझ्या थोरल्या बहिणीच्या पोराला देऊ."

साखरबाईंनी होकाराची मान डोलावली. दाराआड अंजना हुंदका दाबून रडत होती. एकीचं घर राहिलं म्हणून साखरबाईंना बरं वाटलं, आणि दुसरीला त्याच खड्ड्यात ढकलतोय म्हणून स्वतःचाच संताप आला. दिलेला शब्द त्यांनी कसाबसा एक दिवस पाळला.

दुसऱ्या सकाळी पहिल्या एसटीनं त्या इनामगावला, तानुबाईच्या भावाच्या दारात. पिशवीत सुई आणि बाटली.

"ताईनं धाडलं व्हय?" भावानं विचारलं.

"व्हय," साखरबाई म्हणाल्या. "धाकटीला बोलवा."