मालकाच्या हातचं तेल

आमच्या गॅरेजात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक रीत घालून दिली होती. खोलून नव्याने बांधलेल्या इंजिनात पहिलं तेल मालकाने स्वतःच्या हाताने ओतायचं. नारळ फोडायचा, हळदकुंकू लावायचं आणि मग तेल. मालकाचा हात लागला की गाडी त्याची होते, असं ते म्हणत. मला ही रीत आवडायची. त्या वर्षी मात्र तिनेच आमच्या तोंडचं पाणी पळवलं.

वर्ष दुष्काळाचं होतं. माजलगावच्या धरणात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. गावाबाहेर चारा छावणी पडली होती आणि छावणीतल्या जनावरांचं दूध सोसायटीची जीप थंड करायच्या केंद्रावर नेत असे. त्या जीपचं इंजिन बसलं. सोसायटीच्या चेअरमननी ती अण्णांकडे आणली, कारण इंजिन बांधावं तर उस्तादनंच, असं गेवराईपासून परळीपर्यंत लोक म्हणत.

अण्णांची नजर तेव्हा जायला लागली होती. बोल्टावरचा नंबर त्यांना दिसत नसे. पण बेरिंग बसवताना त्यांना डोळे कधीच लागले नव्हते, सगळं काम बोटांचं. मी त्यांची थोरली मुलगी. सासर सोडून आले ती थेट गॅरेजात, आणि माझ्या तोंडाला गाव जरा दबकूनच असे.

इंजिन बांधून झालं त्या दुपारी आम्ही बापलेक भाकरी खायला घरी गेलो. परत येईपर्यंत चेअरमननी नारळ फोडून तेल ओतूनही टाकलं होतं. त्यांना घाई होती. जीप नव्हती तोवर दूध बैलगाडीने जात होतं आणि वाटेतच नासत होतं.

मी गाडी चालू केली. आवाज असा गोड की अण्णा हसले. तेलाच्या दाबाचा काटा झपकन वर गेला, जरा वेळ थांबला आणि मग हळूहळू खाली यायला लागला. मी रेस वाढवली तर तो आणखी पडला. मी घाईने इंजिन बंद केलं. दाब नसला की लोखंड लोखंडावर घासतं आणि नवं इंजिन भंगारात जातं.

चेअरमन म्हणाले, "उस्ताद, राग मानू नका. बेरिंग ढिलं बसलं आसंल. दिसत न्हाई तर माणसानं सांगावं की."

छावणीतली आठदहा माणसं भोवती उभी होती. अण्णांनी कुणाकडे पाहिलं नाही. "आसंल बी," ते म्हणाले. "बोटं फसली आसतील. आता बास झालं मला." हातातला पाना त्यांनी फळीवर ठेवला आणि बाजेवर जाऊन बसले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चेअरमनपेक्षा जास्त राग मला अण्णांचा आला. चाळीस गावांत ज्याच्या नावाने गाड्या पळतात, तो माणूस एका काट्यावरून हार मानतो म्हणजे काय? भीतीही होती. बेरिंग खरंच ढिलं निघालं, तर हा माणूस पुन्हा पाना उचलणार नाही, हे मला कळत होतं.

चेअरमननी जीप ओढून जिल्ह्याच्या गावी न्यायला ट्रॅक्टर बोलावला. मी म्हटलं, "ट्रॅक्टर येईस्तोवर जीप माझी हाय."

आधी मीटरवरच संशय घेतला. गॅरेजात पडून असलेलं दुसरं मीटर लावलं. त्यानेही तेच सांगितलं, सुरुवातीला दाब आणि मग घसरण. पण त्यात मला एक गोष्ट खटकली. इंजिन तापलेलं होतं, तरी थोडं थांबून चालू केलं की काटा पुन्हा ऐटीत वर जात होता. बेरिंग ढिलं असतं तर तापल्या इंजिनात तो पहिल्यापासूनच मेलेला असता. शिवाय रेस दिल्यावर दाब वाढायला हवा, इथे तो पडत होता. म्हणजे तेल कुठून गळत नव्हतं, तेलाच्या पंपाला ते ओढताच येत नव्हतं. काहीतरी पंपाच्या तोंडाशी येऊन अडत होतं आणि इंजिन थांबलं की सुटत होतं.

"अण्णा, चेंबर खोलते," मी म्हटलं.

मी जीपखाली शिरले, तेल घमेल्यात सोडलं आणि इंजिनाच्या तळाचं चेंबर उतरवलं. पंपाच्या तोंडाची जाळी कशाने तरी पार बुजली होती. काळपट, लिबलिबीत थर होता. मी तो खरवडून बाहेर आले आणि कुणाशी न बोलता अण्णांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो दोन बोटांत चोळला. "कापूस हाय," ते म्हणाले. "माझ्या इंजिनात कापूस कावून?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चेअरमन मात्र खाली बघत होते.

"तेल मी गाळून वतलं," ते हळूच म्हणाले. "धूळ लई हाय ना सध्या. दुधाची गाळणी व्हती."

"कापूस लावून?" मी विचारलं.

"दुधाला लावतो तसाच. तेल उतरंना, म्हून कापूस बोटानं जरा इस्कटून मोकळा केला."

पहिले हसले ते अण्णा. इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग ते उठले, जीपखाली आडवे झाले आणि त्यांनी उघड्या इंजिनात हात घालून एकेक बेरिंग हलवून पाहिलं.

"टाईट हायेत," ते खालूनच म्हणाले. "सगळी."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. चेअरमननी हात जोडून त्याला परत पाठवलं. आम्ही तेलाचे सगळे मार्ग डिझेलने धुतले, जाळी साफ केली, नवा फिल्टर बसवला. नवं तेल आलं तेव्हा चेअरमन लांब उभे राहिले. अण्णांनी त्यांना हाताला धरून पुढे आणलं.

"रीत हाय, चेअरमन. तुमीच वता. फकस्त गाळू नका."

मी गाडी चालू केली. काटा वर गेला. इंजिन चांगलं तापेपर्यंत मी ते चालू ठेवलं. अण्णांचा तळहात मडगार्डवर होता आणि तोंड माझ्याकडे, कारण काटा त्यांना दिसत नव्हता.

"पडला का?"

"न्हाई, अण्णा."

"रेस दे."

मी दिली. काटा आणखी चढला.

"आता?"

"वर हाय."

त्यांनी मडगार्डवरचा हात काढला, फळीपाशी गेले आणि चाचपून आपला पाना उचलला.