ऑक्टोबर हा ऋतू नाही

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याला, कंपनीच्या लॅबमध्ये, सकाळच्या शिफ्टचे नमुने तपासत होते. आईचा आवाज ऐकला आणि कळलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही. मी मनातल्या मनात दिवस मोजले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी मामाला डोंगरावर घेऊन गेले होते. डॉक्टरांनी चढाला साफ मनाई केलेली असताना, आणि मामीला न सांगता. आता जानेवारी चालू होता. म्हणजे अडीच महिने... चढाचा संबंध नाही म्हणायला अडीच महिने पुरेसे असतात का? मामाच्या गावी, हमरापूरला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एवढा एकच प्रश्न होता.

वसंतमामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. त्याच्या घरालगतच गणपतींचा कारखाना आहे, आणि त्यात मामाकडे आखणीचं काम असे, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवण्याचं. डोळा काढताना तो श्वास रोखून धरायचा. त्या वेळी कारखान्यात कोणी बोलायचं नाही असा नियमच होता. मला तो नियम फार आवडायचा. मी रोह्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होते. मराठी बोलताना अडखळायचे, आणि इंग्रजीतसुद्धा काही फार बोलायचे असं नाही. मामाच्या शेजारच्या स्टुलावर मात्र दिवसभर गप्प बसलं तरी कोणाला काही वाटत नसे. दोन डोळ्यांच्या मध्ये मामा श्वास सोडायचा आणि म्हणायचा, "काय इंग्लिश मॅडम, आज किती शब्द झाले? पाच? मग अजून दोन शिल्लक हायत." बस, तेवढंच. आणखी बोल म्हणून त्यानं मला कधी टोकलं नाही.

आठवीत असताना आम्हाला निबंध होता, 'माझा आवडता ऋतू'. मी गाईडमधून पावसाळा उतरवून काढला आणि वही घेऊन मामाकडे आले. बाहेर पाऊस, आत ओल्या मूर्तींच्या रांगा, त्यांच्यावर ताडपत्री, रंग वाळावा म्हणून मोठे दिवे लावून ठेवलेले. त्या सगळ्यात उभं राहून मामानं माझा निबंध मोठ्यानं वाचला. "धरणी हिरवा शालू नेसते... हिरवा शालू? कुणी नेसवला गो? तू बघितलास?" मी मानेनंच नाही म्हटलं. "तुला पाऊस आवडतो?" मला पाऊस अजिबात आवडत नव्हता. वह्या ओल्या व्हायच्या, बूट वाळायचे नाहीत. "मग कशाला लिवलंस?" "गाईडमध्ये आहे." मामा इतका हसला की आतून मामी ओरडली, "डोळा वाकडा काढाल हां!"

मामाला पावसाळा खरोखरच आवडत नव्हता, आणि डोंगरावरचा तर मुळीच नाही. घरामागच्या डोंगराच्या माथ्यावर ढग आला की तो ओरडायचा, "डोंगरानं टोपी घातली, ताडपत्र्या ओढा!" पावसात धबधबे बघायला गाड्या भरभरून येणाऱ्या लोकांचं त्याला नवल वाटे. रंगाऱ्याच्या नजरेनं त्याची तक्रार अशी होती, की पावसाळ्यात डोंगर दिसतच नाही, हिरव्या रंगाचा एकच डबा सगळीकडे ओतलेला असतो. उन्हाळ्यात डोंगराची हाडं दिसतात, तो बरा, पण तेव्हा कामातून मान वर करायला फुरसत नाही. थंडीत गवत कापून नेलेलं असतं, नाहीतर जळालेलं असतं. उरतो तो गणपती गेल्यानंतरचा महिना-दीड महिना. कारखाना रिकामा, हात रिकामे, आणि वर डोंगरात आधी सोनकीची पिवळी फुलं, मग गवताच्या शेंड्यांवर तांबूस रंग, मग हळूहळू सगळं सोनेरी. ज्या ऑक्टोबरच्या उन्हानं बाकीचे सगळे वैतागतात तो मामाचा डोंगराचा महिना. मामी त्याला चिडवायची, "नाव वसंत, नि जीव ऑक्टोबर हीटवर!"

त्या वर्षी गणपती गेल्यावर तो मला पहिल्यांदा वर घेऊन गेला. परत आल्यावर सहामाहीच्या सरावाला तोच निबंध पुन्हा आला, तेव्हा मी ऑक्टोबरवर लिहिला, माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत, गाईड न उघडता. बाईंनी दहापैकी तीन गुण दिले आणि खाली लाल पेनानं लिहिलं, 'ऑक्टोबर हा ऋतू नाही.' लाजेनं मी तो कागद कोणालाच दाखवणार नव्हते, पण मामाला दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला. मग पापण्या काढायचा बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवून लाल शेऱ्याखाली लिहिलं, 'आमच्याकडे आहे.' आणि कागद कारखान्याच्या भिंतीवर चिकटवून टाकला. तो अजून तिथेच आहे. त्यानंतर कॉलेजची वर्षं असोत की नोकरीची, गणपती गेले की एका रविवारी मी हमरापूरला उतरायचे आणि आम्ही दोघं वर जायचो.

दोन वर्षांपूर्वी मामाच्या हृदयाचं पंपिंग कमी झालं. आखणी बसून चालत होती, बाकी सगळं बंद. चढ नको, जिनासुद्धा सावकाश. एक ऑक्टोबर तसाच गेला. त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात, म्हणजे गेल्याच वर्षी, त्याचा फोन आला. आवाज मुद्दाम बारीक केलेला. "मामी रविवारी रामवाडीला बहिणीकडं चाललीय. येतेस?" मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "येते."

डोंगरावरच्या ठाकरवाडीपर्यंतची वाट पूर्वी आम्ही अर्ध्या तासात चढायचो. त्या दिवशी दोन तास लागले. दहा पावलं चालायचं, बसायचं. मी त्याच्या ओठांचा रंग बघत होते आणि तो गवताचा. वाटेत त्या वाडीतली एक बाई गवताचा भारा घेऊन उतरत होती. मामाला बघून थांबली.

"दादा, लय दिसांनी. बारीक झालाव."

"डाएट चाललंय."

"ही कोन?"

"भाची माझी. इंग्लिश मॅडम."

"बोलत नाय व्हय ती?"

"बोलत नाय, लिहून देते."

बाई हसत हसत खाली गेली. आम्ही वाडीच्या अलीकडच्या सपाट दगडावर बसलो. खाली हायवे, पलीकडे मिठागरं, त्याच्याही पलीकडे खाडीची चमकणारी रेघ, आणि आमच्या चहूबाजूंनी कमरेएवढं वाळलेलं गवत. मामानं गवताचा एक शेंडा खुडून बोटांत फिरवला. मग म्हणाला, "हा रंग मला कधी जमला नाय. किती वर्षं पितांबराला लावून बघतोय. लोकांना चकचकीत सोनेरी पायजे..." थोड्या वेळानं माझ्याकडे न बघताच त्यानं विचारलं, "घाबरलीस?" मी हो म्हटलं. "मी पण. पण खाली खुर्चीत बसून घाबरायचो त्यापेक्षा हे बरं."

उतरल्यावर घराच्या मागे बसून आम्ही अर्धा तास कुसळं वेचली. त्या दिवसांत वाळक्या गवताची ती टोकदार कुसळं कपड्यांत घुसून बसतात. मामाच्या पँटमधली, माझ्या ओढणीतली, एकेक करून काढली. "पुरावा नको," मामा म्हणाला, आणि दोन चोरांसारखे आम्ही हसलो.

तो शेवटचा डोंगर. त्यानंतर मामीचं नाव फोनवर दिसलं की मी तो नुसता वाजू द्यायचे. जानेवारीत मामा गेला, झोपेतच. तेराव्यापर्यंत मी जाऊन येऊन तिथेच होते आणि मामीच्या नजरेला नजर देत नव्हते. मी एरवीही कमी बोलते, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

मागच्या रविवारी मामीनं बोलावलं. मामाचे कपडे वाडीवर द्यायचे होते, घड्या करायला ये म्हणाली. शर्ट झाले, स्वेटर झाला. मग तिनं कपाटाच्या खालच्या कप्प्यातून राखाडी मोज्यांचा एक जोड काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो उलटा करायला गेले आणि बोटात काहीतरी टोचलं.

पँट बघितली होती, ओढणी बघितली होती. मोजे आम्ही विसरलो होतो.

"त्याच संध्याकाळी सापडले," मामी म्हणाली. "चारदा धुतले. निघतात होय ती?"

मी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? त्या दिवशी हे जेवले गो. पंधरा दिवस चिवडत होते, त्या दिवशी दोनदा भात मागितला. नि मी विचारलं, काय केलंत दिवसभर, तर म्हणे टीव्ही बघितला." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "पुढच्या तपासणीला यांना बाहेर बसवून मीच डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, परत पाठवू नका, पण रिपोर्ट होता तसाच हाय. त्या चढानं काय बिघडलं नाय. तुला वाटत होतं ना, तुझ्यामुळं?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"महिनाभर बारीक तोंड करून फिरतेस. मला काय दिसत नाय? आखणीवाल्याची बायको हाय मी. डोळे बघायला मला पण येतात."

त्या दिवशी परतीच्या गाडीत बसल्या बसल्या मला झोप लागली. कितीतरी दिवसांनी अशी गाढ झोप. रोह्याला गाडी रिकामी झाली तेव्हा कुणीतरी हलवून उठवलं. मामा गेला आहे, हे दुःख तसंच आहे. पण आता ते नुसतं दुःख आहे, त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. मामाबद्दल लिहावं असं त्यानंतरच वाटलं.

निघताना मी विचारलं होतं, हे मोजेही वाडीवर द्यायचे का. मामी म्हणाली, "छे. ते राहू दे." संसाराच्या इतक्या वर्षांत ती त्या दगडापर्यंत एकदाही गेलेली नाही. गणपती गेले की मामा डोंगरावर आणि मामी रिकामा कारखाना धुवायला, हे ठरलेलंच. "यंदा गणपती गेले की मला ने," ती म्हणाली. "बघू तरी, काय असतं तिथं. नि मोजे घालूनच येणार हां मी."

कारखान्यात यंदाच्या मूर्तींचं काम सुरू झालं आहे. ओळीनं पांढरे गणपती उभे आहेत, अजून डोळ्यांवाचून. भिंतीवर माझा कागद आहे, लाल शेऱ्यासकट आणि त्याखालच्या काळ्या अक्षरांसकट. मामीनं त्याच्या शेजारी एक खिळा मारला आणि मामाचे मोजे त्याला अडकवले, तसेच, कुसळांसकट.