एक अन्सगार सोडून

आमच्या स्कार्वय गावच्या फुटबॉल क्लबाला स्वतःच्या इतिहासाचा भारी माज. दर वर्षी क्लबाच्या वाढदिवसाच्या जेवणात अध्यक्ष उभा राहायचा आणि तीच टेप लावायचा: दलदल उपसून मैदान कसं केलं, आणि युद्धात जर्मनांच्या पित्त्यांनी देशातले खेळ ताब्यात घेतले तेव्हा आपल्या पोरांनी त्यांच्यासाठी चेंडूला पाय कसा लावला नाही. "एकानेही नाही!" मग जरा थांबून, "एक सोडून." झालं, सगळ्या माना खिडकीकडे. खिडकीबाहेर कुंपण, रस्ता, आणि रस्त्यापल्याड अन्सगार लिलेबाकचं घर.

त्याच्या शेजारी राहते ती मी, योरून. मॅचच्या दिवशी क्लबाच्या टपरीवर वॉफल भाजते. क्लब माझाही आहे, तेव्हा त्याला शिव्या घालायचा हक्कही माझाच.

अन्सगार आमचा गोलकीपर होता. युद्धातली ती खेळबंदी कुणी वरून लादलेली नव्हती, लोकांनीच बहिष्कार म्हणून पाळलेली. पोरं आधी जंगलात चोरून खेळायची. एकदा जर्मनांची धाड पडली नि तेही संपलं. अन्सगार एकोणीस वर्षांचा. वर्षभर हा पोरगा अंगणात नुसता भिंतीशी हात पसरून उभा राहायचा. बेचाळीसच्या शरद ऋतूत नव्या धन्यांनी आमच्या मैदानावर मॅच ठेवली. गावाने दारं लावून घेतली. मीही घरातच होते, पण आमचं स्वयंपाकघर मैदानासमोर आणि पडदा पातळ. गोलमध्ये अन्सगार! आणि काय खेळला मेला! वाईट तरी खेळायचं की नाही? तेही लोकांनी माफ केलं नाही.

युद्ध संपल्यावर क्लबाची सभा भरली. अध्यक्ष सिग्वार्त. तो काही राक्षस नव्हता. जर्मनांच्या कैद्यांच्या छावणीत मार खाऊन, पुढचे दात गमावून आला होता, आणि अन्सगारला वाचवायलाच बघत होता.

"बंदूक दाखवली ना तुला?" सिग्वार्तने विचारलं. "बापाला उचलतो म्हणाले ना? नुसती मान हलव. आम्ही समजून घेऊ."

"नाही. कुणी काही म्हणालं नाही," अन्सगार म्हणाला. "मला खेळायचं होतं."

"अरे गाढवा, तुझ्या तोंडात शब्द घालतोय मी!"

"पण तसं झालं नाही ना."

काढला. जन्मभरासाठी. पुढे तो मासे सुकवायच्या आवारात कामाला लागला. तिथे लोक त्याच्याशी कामापुरतं बोलत, घोटभर कॉफीला कुणी बोलवत नसे. बोर्घिलने तेवढं त्याच्याशी लग्न केलं, नि आयलर्ट हा पोरगा झाला.

पोरावर बंदी नव्हती. आयलर्ट आमच्याच क्लबात वाढला आणि, रक्तच ते, गोलकीपर झाला. बारा वर्षांचा असताना त्याने बापाला सरळ विचारलं, "तुम्हाला जबरदस्ती केली होती ना?" अन्सगारने पोटच्या पोरालाही तेच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी पोरगा ओठ फोडून घरी आला. शाळेत चिडवणाऱ्यांना म्हणाला होता, "माझा बाप चुकला असेल, पण खोटं बोलत नाही." हे सांगताना बोर्घिल कुंपणाला धरून रडली होती, आणि अभिमानाने ताठही झाली होती.

आयलर्ट चोवीस वर्षांचा असताना, जानेवारीत, बर्फाळ धक्क्यावरून त्याचा पाय घसरला. बोट आणि धक्का यांच्यामध्ये सापडला. त्यापुढचं मला सांगवत नाही.

आमच्याकडे खेळता गडी गेला की शवपेटीवर क्लबाचा झेंडा घालतात, आणि झेंड्याखालची पेटी क्लबाच्या माणसांनीच उचलायची. दफनाच्या आदल्या संध्याकाळी सिग्वार्त, अजूनही तोच अध्यक्ष, त्यांच्या स्वयंपाकघरात आला. मी तिथेच पावाला लोणी लावत होते.

"मला त्याला उचलायचंय," अन्सगार म्हणाला.

"झेंडा आहे, अन्सगार."

"मग झेंडा काढा."

"पोरांनी हट्ट धरलाय. तो त्यांचाही होता."

मला राहवलं नाही. "लाज नाही वाटत रे सिग्वार्त? बाप आहे तो!"

"योरून, तू गप." त्याचा आवाजच फाटला. "छावणीत माझ्या शेजारच्या फळीवर मेलेल्यांना मी काय सांगू? बंदी अशीच उठवता येत नाही मला. पण कारण दे, अन्सगार. अजूनही दे. जबरदस्ती झाली म्हण. आत्ता हात मिळवतो, उद्या तू सगळ्यांच्या पुढे चालशील."

बोर्घिल चुलीपाशी होती. तिने मागे वळून नवऱ्याकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

अन्सगारने तिच्यावरून नजर टेबलाकडे वळवली. मग म्हणाला, "हो. जबरदस्ती केली."

"कुणी?"

"त्या लोकांनी. बंदूक होती."

सिग्वार्त रडला हो! म्हातारा उठून त्याच्या गळ्यात पडला. सकाळपर्यंत गावभर झालं. चर्चच्या दारात बायाबापड्या अन्सगारचे हात धरत होत्या: बिचारा, इतकी वर्षं मनात ठेवलंस, बोलायचं तरी! ज्यांनी आयुष्यभर तोंड फिरवलं त्यांचेच डोळे पाझरत होते. कुणाकुणाला ओरडून सांगू, की हा खरं बोलणारा माणूस आज खोटं बोललाय, आणि आजच तुम्हाला आवडलाय?

अन्सगारने पेटीची पुढची कडी धरली. बर्फात वाट निसरडी. बाकीची पोरं तरुण, भराभर चालायची. त्याने त्यांना हळू चालायला लावलं. खड्ड्यापाशी पेटी दोरांवर ठेवली तरी कडी सोडेना. सिग्वार्तने एकेक बोट सोडवलं.

नंतर कॉफीला सगळे आमच्याच घरी. बोर्घिल त्याच्यापासून लांब बसली होती. शेवटी उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"पोराने तुझ्यासाठी ओठ फोडून घेतला होता," ती म्हणाली. "त्याच्या पेटीवर खोटं बोललास तू."

"हो."

"कशाला? मागून चालला असतास. मी चालले ना!"

अन्सगारने उजवा हात उलटा करून बघितला. तळव्यावर कडीचा लाल वळ होता.

"जड होता गं," तो म्हणाला. "लहानपणानंतर कधी उचललंच नव्हतं त्याला."