मामाला डावीकडे कुणी उभं केलं?

वेल्ह्याहून तांदूळ घेऊन पुण्याला आलेल्या गाडीवानानं शाळेच्या दारात निरोप सांगितला, "तुमचा मामा जेवत न्हाई, बाई. अवशीद बी घेत न्हाई. म्हंतो, पाळकसायेब सांगून गेलं, म्या नरकातला हाय, मला कशाला जगवता?"

दानीएलमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. वेल्ह्यात गावकुसाबाहेर राहतो. गावात ख्रिस्ती घर त्याचं एकच. मी रजा घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भोरच्या सर्व्हिस मोटारीत बसले.

या मोटारीनं जाणार असाल तर मधली जागा धरा. पुढं बसलात तर इंजिनाच्या धगीनं पाय भाजतात, मागं बसलात तर कात्रजचा घाट संपेपर्यंत धूळ खावी लागते. वेल्ह्याला जायचं तर खरं म्हणजे नसरापूरलाच उतरायचं आणि पश्चिमेची वाट धरायची. मी मुद्दाम पुढं भोरपर्यंत गेले, कारण मामाला नरकाचा रस्ता दाखवणारे चर्चचे पाळकसाहेब भोरला राहत.

उत्रोलीच्या बाजूला भाताची कापणी चालू होती. आंबेमोहराचा वास थेट रस्त्यावर येत होता. एरवी मी दोन घटका थांबले असते. त्या दिवशी तो वासही डोक्यात गेला. इतकं पिकतं, आणि माझा मामा उपाशी!

पाळकसाहेब ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. सगळं त्यांनीच शांतपणे सांगितलं. मामाच्या नातवाला ताप आला तेव्हा सुनेनं मेंगाईदेवीला नवस बोलला होता. पोर बरं झालं. सुनेला माहेरी जायचं होतं, म्हणून तिचा नवस फेडायला मामानं देवळापर्यंत जाऊन पायरीबाहेरूनच नारळ फोडला. आत त्याला कोण घेतंय? हे साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी वेल्ह्याला जाऊन त्याला अंगणात उभं केलं आणि सांगितलं, शेवटच्या दिवशी तुझी जागा डावीकडे.

आमच्यात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. जगाच्या अंती प्रभू न्यायाला बसेल आणि मेंढपाळ मेंढरं नि शेरडं वेगळी करतो तशी माणसं वेगळी करील. नीतिमान उजवीकडे, दुष्ट डावीकडे. डावीकडच्यांना अग्नी.

"साहेब, माणूस मरायला टेकलाय. वेल्ह्याला चला आणि शब्द परत घ्या."

"सत्य परत घेता येत नाही, रूथ."

"पण न्याय करायचा तो प्रभूनं. त्याच्या आसनावर तुम्ही कधी जाऊन बसलात?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "शाळेत शिकवता म्हणून तोंड सुटलंय तुमचं," एवढंच म्हणाले. चहा आला होता, तो तसाच ठेवून मी उठले.

नसरापूरपर्यंत मागं मोटार मिळाली. पुढं मार्गासनीच्या एका गाडीवानाची बैलगाडी. भाडं आधी ठरवून घ्या आणि गाडीत पेंढा जास्त मागून घ्या, नाहीतर मार्गासनी येईतो हाडं खिळखिळी होतात. मार्गासनीला गाडीवानाच्या आईनं तांदळाची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा वाढला. असा रस्सा मी पुण्यात खाल्लेला नाही, पण माझा राग काही त्यानं उतरला नाही. मुक्काम तिथंच केला. सकाळी तोरण्याचा डोंगर समोर ठेवून वेल्हे गाठलं.

मामा भिंतीकडं तोंड करून पडला होता. हाताची नुसती काडी झाली होती. मी कपाळावर हात ठेवला तसं त्यानं डोळे उघडले.

"रूथ, तू शिकलेली हायस. खरं सांग. म्या डावीकडंच का गं?"

मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा संताप जास्त आला. आयुष्यभर दुसऱ्याची ओझी वाहिलेल्या माणसाला एका नारळासाठी कुणी इतकं भिववावं?

तेवढ्यात अंगणातून हाक आली. गावातली ठकूबाई, मराठ्याच्या घरातली म्हातारी, पेजेचं गाडगं घेऊन आली होती. उंबऱ्याबाहेर गाडगं ठेवून ती लांब जाऊन बसली.

"रोज आणतीया," ती म्हणाली. "ह्यो पेजंला शिवत बी न्हाई. पण म्या आणनारच. मानमोडीच्या सालात समदं घर तापानं पडलं व्हतं आमचं. भाऊबंद पळाले. ह्यो एकटा यायचा. पेज करून पाजायचा, पानी आनायचा. माजा मालक गेला तवा खांदा ह्यानंच दिला. येरवी ह्याच्या हातचं पानी आमाला चालत नव्हतं."

"आणि बरे झाल्यावर?" मी विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "पुन्यांदा चालंना."

"मग आज तरी उंबऱ्याच्या आत या की! आजारी माणसाजवळ बसायला काय होतंय?"

ठकूबाई उठली आणि निघून गेली.

मामा मात्र कोपरावर उठून बसला होता. "काय सांगत व्हती ती? म्या कवा काय केलं? ताप व्हता लोकास्नी, पेज दिली. त्यात काय?"

मी त्याच्या उशाशी बसले. "मामा, त्या दिवशी उजवीकडचे काय विचारतात, आठवतं? प्रभू म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला जेवू घातलंत. आजारी होतो, तुम्ही माझ्याकडं आलात. तेव्हा ते चकित होतात. म्हणतात, प्रभो, आम्ही हे कधी केलं? तू आत्ता तेच विचारलंस."

तो पुन्हा आडवा झाला. "आन नारळ?"

"त्या न्यायात नारळाचं नावसुद्धा निघत नाही, मामा. भुकेल्याला काय दिलं, एवढंच विचारतात."

मग तो म्हणाला, "ते गाडगं आण हितं."

मी पेज पाजली. अर्धं गाडगं संपलं. मी ठकूबाईवर बडबडत होते: यांनी याच्या हातची पेज खाऊन जीव वाचवला आणि याला परत वेशीबाहेर ठेवलं, याचा न्याय कोण करणार! मामानं माझं मनगट धरलं.

"रूथ, तिला डावीकडं नगं घालूस. लांबून का हुईना, रोज आली गं."

दुसऱ्या दिवशी ठकूबाई पुन्हा आली आणि गाडगं उंबऱ्याबाहेरच ठेवलं. या वेळी मी बाहेर जाऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसले. ती सरकली नाही.

मामा चैत्रापर्यंत जगला, आणि जेवून-खाऊन, कुणाची भीती न बाळगता गेला. पाळकसाहेब माती द्यायला आले नाहीत. पुढं त्यांची मोठ्या चर्चमध्ये बदली झाली आणि हारतुरे घालून निरोप दिला गेला, हे ऐकून मी दोन दिवस धड जेवले नव्हते. तो राग अजून गेलेला नाही. जावा असंही वाटत नाही. शेवटी न्याय होणार, हे मी मनापासून मानते. म्हणून तोवर इथं अन्यायाला मान डोलवायची, हे मात्र मला मान्य नाही.

परवा रविवारच्या शाळेत मेंढरं आणि शेरडांचा धडा होता. पुढच्या बाकावरची एक मुलगी घाबऱ्या आवाजात म्हणाली, "बाई, मी कुठल्या बाजूला असेन?"

मी म्हटलं, "ते मला कसं कळणार, बाळ? तू जरा सरक. मागं सुशी मघापासून उभी आहे, तिला बसू दे."