बारा ते चार

आमच्या घरात दुपारी बारा ते चार हा वेळ नसतोच. घड्याळात असतो, घरात नसतो. तंजावरात देवळं बाराच्या सुमाराला बंद होतात आणि चारला उघडतात. देव जेवतात, झोपतात. आमच्या घरातला देवही तसाच वागतो. हा देव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आहे. रोज पहाटे उठून मोठ्या देवळात जाऊन येतो, बाराला जेवायला बसतो, शेवटी दहीभात खातो आणि पंख्याखाली आडवा होतो. चारला कॉफीच्या वासानं उठतो. मधल्या वेळात आमच्याकडे कोणी आलं तर ते नक्की परगावचं असतं.

हे सगळं तंजावरात ठीक आहे. इथं अख्खं गावच तसं चालतं. पण हीच वेळ घेऊन माणूस इटलीला गेला तर काय होतं, ते मी सांगते.

मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत असे. शाळेत तमिळ, घरी मराठी, भांडताना दोन्ही. दरवर्षी रोमचा धडा आला की मी फळ्यावर एक भला मोठा घुमट काढायची आणि त्याच्या माथ्यावर एक जागा मोकळी सोडायची. "इथं भोक आहे," मी सांगायची. "मुद्दाम ठेवलेलं. दुपारी सूर्य या भोकातून आत उतरतो आणि फरशीवर ताटासारखा पडतो." मुली माना डोलवायच्या. मीही डोलवायची, कारण मी तरी कुठं पाहिलं होतं? पुस्तकात वाचलेलं तेवढं सांगत होते. पण वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगितली की ती आपलीच वाटायला लागते. मी निवृत्त झाले तेव्हा ह्यांनी विचारलं, "रेशमी पट्टुसाडी नको म्हणतेस, बांगड्या नको म्हणतेस. मग काय हवं तुला?"

"मला ते भोक बघायचंय," मी म्हटलं.

हे म्हणाले, "सेरी, ठीक आहे. बघू."

चेन्नईच्या मुलानं तिकिटं काढली, हॉटेलं ठरवली. मे महिन्यात आधी व्हेनिस, मग फ्लॉरेन्स आणि शेवटी तीन दिवस रोम. निघताना तो फोनवर म्हणाला, "अप्पा, प्रत्येक ठिकाणची वेळ आधी फोनवर बघून घ्या."

"देवळाला कसली रे फोनवर वेळ बघायची?" हे म्हणाले. "सकाळी लौकर जायचं, गर्दी नसते."

व्हेनिसला आम्ही सकाळी सहाला बाहेर पडलो. गर्दी नव्हती, ह्यांचं अगदी खरं ठरलं. माणूसच नव्हतं. कबुतरं होती आणि फरशी धुणारा एक जण होता. सगळे दरवाजे बंद. आम्ही पूल चढलो, पूल उतरलो, पुन्हा चढलो. माझ्या गुडघ्यांना त्या गावाचा इतिहास चांगलाच कळला. दहाच्या सुमाराला दारं उघडायला लागली, तेव्हा आमचा दिवस अर्धा संपला होता आणि ह्यांना भूक लागली होती. तरी मी ओढत एका चर्चमध्ये नेलं. आत जाऊन मी चष्मा पुसत होते तेवढ्यात एक म्हातारा किल्ल्या वाजवत आला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. बारा वाजले होते. बाहेर पाटीवर लिहिलं होतं की दुपारनंतर पुन्हा उघडेल.

ह्यांचा चेहरा असा उजळला, की मला तिथंच कळलं, आपलं कठीण आहे.

"बघ," हे म्हणाले. "सगळीकडे एकच शास्त्र."

आता ह्यांना कोण समजावणार, की ते एक चर्च बाराला बंद होत असेल, पण संग्रहालयं होत नाहीत, राजवाडे होत नाहीत, ती पाच-सहाला त्या दिवसापुरती मिटतात? मी समजावलं. रोज समजावलं. हे "हो हो" म्हणायचे आणि बाराला खोलीची वाट धरायचे.

खोटं कशाला बोलू, ह्यात माझाही हात होता. भात शिजवायचा छोटा विजेचा कुकर मीच बॅगेत घातला होता. तांदूळ, भातावर घालायची पोडी, ताकातल्या वाळवलेल्या मिरच्या, सगळं मीच नेलं होतं. जगाचा इतिहास शिकवलेल्या बाईला दुपारी पास्ता उतरत नाही घशाखाली, काय करणार? पहिल्या दिवशी मिरच्या तळल्या तर हॉटेलची बाई वर धावत आली, काही जळतंय का म्हणून. तेव्हापासून आम्ही मिरच्या नुसत्याच चावल्या. तर दहीभात व्हायचा, मग हे आडवे व्हायचे, आणि मी खिडकीत बसून खाली बघायची. खाली जगभरची माणसं नकाशे घेऊन हिंडत असायची आणि आमच्या खोलीत घोरणं चाललेलं असायचं. चारला कॉफी. पाचला बाहेर. दारं बंद.

फ्लॉरेन्समध्ये, जगातली फार मोठी चित्रं ज्या इमारतीत आहेत, तिची बाहेरची भिंत मी इतकी बारकाईनं पाहिली की ती मला झोपेत काढता येईल. ह्यांचे फोटो मात्र पुष्कळ निघाले. प्रत्येक फोटोत मागं एक बंद दरवाजा आणि पुढं हे, हाताची घडी घालून, जणू आत्ताच कुलूप लावून किल्ली खिशात टाकलीय.

"उद्या दुपारी मी एकटी जाते," एकदा मी म्हटलं.

"एकटी? आणि हरवलीस तर?"

"हरवले तर निदान काहीतरी बघत हरवेन."

"अगे, रोमला तुझं ते आहे ना, ते बघू की नीट," हे म्हणाले. "शब्द दिलाय मी."

त्या शब्दाच्या आशेवर मी एकटीनं जायचं सोडून दिलं.

रोमला पहिल्या सकाळी आम्ही त्या घुमटापुढं उभे राहिलो. अर्थात सहाला. पँथिऑनचे ते खांब पाहून माझ्या अंगावर काटा आला, आणि ते बंद दार पाहून डोळ्यांत पाणी. ह्यांनी फोटो काढून घेतला. "संध्याकाळी येऊ," हे म्हणाले.

"संध्याकाळी? सूर्य दुपारी उतरतो त्यातून!"

"भोक तर संध्याकाळीही असेल ना?"

संध्याकाळी आलो. कसं कोण जाणे, दार उघडं होतं. आत जाताना ह्यांनी चपला काढल्या आणि ठेवायला जागा शोधू लागले. चपला ठेवायची जागा कुठंच नाही म्हटल्यावर त्या पिशवीत घातल्या आणि मोज्यांवर आत शिरले. पहारेकऱ्यानं बघितलं, खूण केली, पुन्हा घाला. ह्यांनी मान हलवली. त्यानं मान हलवली. शेवटी मी मध्ये पडले आणि चपला पायात आल्या. एवढ्यात आमचा निम्मा वेळ गेला. वर बघितलं तर खरंच भोक होतं. त्यातून राखेसारखा उजेड येत होता. बाकी काही नाही. शुद्ध संध्याकाळ.

"बघितलंस ना?" हे म्हणाले. "आहे. झालं."

मी त्या रात्री जेवले नाही. दुसरा दिवस रविवार होता, आत प्रार्थना होती, आणि बाकीचा दिवस पडक्या भिंती बघण्यात गेला. उरला एक दिवस. संध्याकाळी विमान.

सकाळी मी कुकर बाहेरच काढला नाही. ह्यांनी बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मी दुपारी पँथिऑनला जाणार," मी म्हटलं.

"परत? एकदा बघितलेलं परत कशाला?"

"मोठ्या देवळात तुम्ही रोज जाता. ते काय रोज नवीन बांधतात?"

हे मवाळ आवाजात म्हणाले, "दुपारी देव झोपतात गे."

"हा नाही झोपत. हा दुपारीच उठतो. तुम्ही झोपा."

तरी हे आले. मी एकटी हरवेन ही भीती होती, की खोलीत भात नव्हता हे कारण होतं, मला माहीत नाही. रांग चौकभर वळली होती. तंजावरच्या मे महिन्यात पत्र्याखाली कामं करून घेतलेला हा माणूस त्या कोवळ्या उन्हात कपाळ पुसत राहिला. "पोटात आग पडलीय." "बसायला जागा नाही." "ही रांग पुढं जाते की मागं?" माझं लक्ष आभाळाकडे होतं. सकाळभर स्वच्छ असलेलं आभाळ आता एका बाजूनं भरून येत होतं. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ तासभर पुढं असतं, म्हणून एकच्या सुमाराला सूर्य अगदी माथ्यावर येणार, हे मी हिशोब करून ठेवलं होतं. ढगांनी कसलाच हिशोब केला नव्हता.

आत पोचलो तेव्हा एक वाजत आला होता. भोकात ढग होता, पांढरा, गच्च. खाली फरशीवर काहीच नाही. लोक वर बघत होते, फोन वर करत होते आणि पुढं जात होते. माझ्या तोंडून एकदम निघालं, "चला. नाही नशिबात."

आणि हे म्हणाले, "का? थांबू या की."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तिरै घातलंय," हे वर बोट करून म्हणाले. "अलंकार चाललाय. निघेल ना."

आमच्याकडे अभिषेक झाला की गाभाऱ्यापुढं पडदा ओढतात, त्याला तिरै म्हणतात. आत देवाला नटवत असतात. बाहेर माणसं उभी असतात, मुलं रडत असतात, पायाखाली ओली फरशी असते, आणि किती वेळ लागेल हे कोणी विचारत नाही. संग्रहालयाच्या रांगेत ह्यांना पाच मिनिटं निघत नाहीत. तिरैपुढं हे अर्धा दिवस उभे राहतील, तेही भुकेनं. ते भोक ह्यांना आता कुठं समजलं होतं. माझ्यापेक्षाही जरा जास्तच समजलं होतं, कारण मी निघाले होते आणि हे थांबले होते. मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. फ्लॉरेन्सला कुठं होतं हे शहाणपण?

थांबलो. हे हात जोडून, मी हात बांधून. आणि मग ढग सरकला.

फरशीवर, दाराच्या आतल्या बाजूला, उजेड पडला. ताट कुठलं! आमच्या घरचा अख्खा पुढचा हॉल त्यात मावला असता. मी इतक्या मुलींना ताट सांगत आले होते. त्या उजेडात उभी असलेली माणसं एकदम वेगळीच दिसायला लागली, आणि मी नीट बघणार तोच शेजारून जोरात आवाज आला. ह्यांनी दोन्ही हात डोक्यावर जोडले होते आणि देवाचं नाव घेतलं होतं, मोठ्या देवळात घेतात तसं, पोटातून. त्या घुमटात ते गरागरा फिरलं. मग स्वतःच्याच दोन्ही गालांवर चापट्या, आमच्याकडे देवापुढं मारून घेतात तशा. मग साष्टांग घालायला खाली वाकायला लागले.

"अहो! नको! इथं नको!" मी दंड धरला. हे खाली, मी वर ओढतेय. पहारेकरी ओठांवर बोट ठेवून आमच्याकडे येत होता, एक बाई आमचा फोटो काढत होती. ह्यांना उभं करून मी वळले, तोवर ढग पुन्हा आला होता.

"काय दर्शन झालं!" ह्यांचे डोळे भरले होते. "खरंच सांगत होतीस तू. चल आता, कुठं काही खाऊ."

"मी बघितलं नाही."

"म्हणजे?"

"तुम्हाला आवरत होते मी! दोन आठवडे तुम्हाला आवरतेय!"

आवाज माझाही चढला असावा, कारण पहारेकऱ्यानं आता मला खूण केली. मधोमध लाकडी बाकं होती, तिथं जाऊन मी बसले. "तुम्ही जा, खा. मी इथून हलणार नाही. विमान गेलं तर जाऊ दे."

हे उभे राहिले. दाराकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग येऊन बाकाच्या टोकाला बसले, हात मांडीखाली घालून, पुन्हा आपोआप जोडले जाऊ नयेत म्हणून.

दोनच्या पुढं ढग फाटला. उजेड आता फरशीवर नव्हता. दाराच्या उजव्या हाताच्या भिंतीवर चढला होता, एका खांबावर अर्धा वाकून, आकारही लांबट झालेला. मला हवा होता तो हा नव्हे. मला हवा होता तो ह्यांना मिळाला. तरी मी बघत राहिले. तो थांबत नाही, हे पुस्तकात कुठं नव्हतं. टक लावून बघितलं की तो सरकताना दिसतो, दगडावरच्या एका शिरेवरून दुसरीवर. खांबाची कड ओलांडून तो पलीकडे गेला. शेजारी हेही हात मांडीखालीच ठेवून तिकडं बघत होते, आणि झोपलेले नव्हते.